अग्रशाळेच्या स्नानगृहांतील द्रव साबणाची बाटली : ती जागी कशी बसवावी आणि स्वच्छ कशी राखावी

॥ श्री ॥

सर्व महाजन, कुळावी, भाविक आणि अन्य देवस्थानांच्या व्यवस्थापकांस सविनय निवेदन.

गोव्यातील देवस्थानांना भेट देणाऱ्यांना ‘अग्रशाळा’ हा शब्द परिचित आहे. दूरदूरच्या गावांहून कुलदेवतेच्या दर्शनास येणाऱ्या कुळाव्यांच्या मुक्कामासाठी देवळाच्या आवारात बांधलेल्या खोल्या म्हणजे अग्रशाळा. पूर्वी येथे सामाईक न्हाणी असे, विहिरीचे पाणी असे आणि प्रत्येक कुटुंब आपापला साबण, आपापला पंचा घेऊन येत असे. आता बहुतेक अग्रशाळांत खोलीला जोडून स्नानगृह, त्यात बेसिन आणि बेसिनशेजारी ग्रॅनाइटचा कट्टा असतो. त्या कट्ट्यावर द्रव साबणाची बाटली ठेवण्याची पद्धतही आता सर्वत्र रूढ झाली आहे.

ही बाटली सुटी ठेवावी की पक्की बसवावी आणि बसवायची तर कशी, अशी विचारणा काही देवस्थानांकडून आमच्याकडे झाली. प्रश्न लहान आहे, तथापि त्यात पाहुण्यांची सुरक्षितता, आरोग्य आणि सेवकवर्गाचा मान या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत, हे आम्ही अनुभवाने शिकलो. म्हणून आमच्याजवळ असलेली माहिती एकत्र करून येथे देत आहोत.

१. वडीपासून बाटलीपर्यंत

सामाईक स्नानगृहात साबणाची वडी ठेवली की ती ओली राहते, चिघळते, तिला केस चिकटतात आणि अपरिचिताने वापरलेली वडी हाती घेण्यास पुष्कळांचे मन धजत नाही. आमच्याकडील वयोवृद्ध मंडळी तर तिला स्पर्शही करीत नसत. प्रत्येक पाहुण्यास लहान नवी वडी देण्याचा प्रयोग आम्ही केला. एका मुक्कामात वडीचा चौथा भागही संपत नसे आणि उरलेली कचऱ्यात जाई.

दाबून साबण काढण्याचा पंप घरोघरी पोहोचण्यास तसा फार काळ लोटलेला नाही. अमेरिकेतील मिनेटोंका या कंपनीने १९८० साली ‘सॉफ्टसोप’ या नावाने पंपाच्या बाटलीतील हात धुण्याचा साबण देशभर विक्रीस आणला आणि तेथून या पद्धतीचा प्रसार झाला. पुढे मोठ्या हॉटेलांनीही लहान बाटल्या सोडून भिंतीवरील मोठ्या बाटल्यांचा मार्ग धरला. मॅरियट या हॉटेल-समूहाने ऑगस्ट २०१९ मध्ये असा निर्णय जाहीर करताना, त्यामुळे वर्षाकाठी सुमारे ५० कोटी लहान बाटल्या कचऱ्यात जाण्यापासून वाचतील, असे सांगितले. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याने हॉटेलांतील लहान प्लास्टिक बाटल्यांवर बंदी घालणारा कायदा केला. पन्नासाहून अधिक खोल्यांच्या हॉटेलांना तो १ जानेवारी २०२३ पासून व उर्वरितांना १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. आपल्या अग्रशाळांनी काटकसरीपोटी जे स्वीकारले, तेच अन्यत्र कचरा कमी करण्यासाठी स्वीकारले गेले, एवढे यावरून दिसते.

२. सुट्या बाटलीचे दोष

सुट्या बाटलीचे तीन दोष आम्ही प्रत्यक्ष पाहिले.

पहिला दोष सांडण्याचा. ओल्या हाताने पंप दाबला की हलकी बाटली सरकते, आणि बाटली अर्धी रिकामी झाली की ती अधिकच सहज कलंडते. एका जत्रोत्सवाच्या रात्री अशीच एक बाटली कट्ट्यावरून खाली पडून फुटली. पहाटे स्नानासाठी उठलेल्या एका वृद्ध भगिनी त्या साबणावरून घसरल्या व त्यांचे मनगट मोडले. पालखीचे दर्शन घेण्यासाठी त्या इतक्या दूरवरून आल्या होत्या. पालखी निघाली तेव्हा त्या रुग्णालयात होत्या. दोष सर्वस्वी आमच्या व्यवस्थेचा होता.

दुसरा दोष बाटली जागेवरून हलण्याचा. कोणी ती न्हाणीत नेतो, कोणी कपडे धुण्यास नेतो, कोणी शेजारच्या खोलीस देतो. हात धुण्याची वेळ येते तेव्हा साबण नेमका जागेवर नसतो आणि मग हात नुसत्या पाण्याने धुतले जातात.

तिसरा दोष सांगताना आम्हांस संकोच वाटतो, तरीही तो सांगणे अवश्य आहे. एका महिन्यात सात बाटल्या नाहीशा झाल्या. संशय अनेक वर्षे सफाईचे काम करणाऱ्या एका बाईंवर गेला. समितीतील कोणाच्या तरी सूचनेवरून, संध्याकाळी घरी जाताना त्यांना पिशवी उघडून दाखविण्यास सांगण्यात आले. त्यांनी एक शब्दही न बोलता ती उघडली. आत डबा, छत्री आणि देवळातील प्रसादाची पुडी होती. पुढे चौकशी केली तेव्हा चार बाटल्या रांधपघराच्या मागील मोरीवर सापडल्या. जत्रेच्या गर्दीत भांडी घासण्यासाठी स्वयंसेवकांनीच त्या नेल्या होत्या. दोन कोठीच्या खोलीत होत्या. सातवीचा पत्ता लागला नाही. आम्ही त्या बाईंची समितीच्या सभेत सर्वांसमक्ष क्षमा मागितली आणि त्याच सभेत सर्व बाटल्या पक्क्या बसविण्याचा ठराव केला.

पाणपोईवर साखळीने बांधलेला पेला किंवा पोस्टात दोऱ्याने बांधलेली लेखणी पाहून काहींना वाटते की, हा पाहुण्यांवरील अविश्वास आहे. आमचे मत अनुभवाने बदलले. वस्तू जागेवर पक्की असली की कोणावरही संशय घेण्याचा प्रसंगच उरत नाही.

३. जागेची निवड

बाटली कशी बसवावी यापूर्वी ती कोठे बसवावी हे ठरवावे लागते. पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

(अ) पंपाचे तोंड बेसिनच्या आत यावे. दाबल्यानंतर शेवटचा थेंब नेहमी उशिरा गळतो. तो बेसिनमध्ये पडला तर पाण्याबरोबर वाहून जातो, कट्ट्यावर पडला तर डाग पडतो आणि जमिनीवर पडला तर कोणीतरी घसरते.

(आ) उंची सर्वांच्या आवाक्यातील असावी. अपंगांसाठीच्या अमेरिकन मानकांत (२०१०) चाकांच्या खुर्चीत बसलेल्या व्यक्तीचा हात पोहोचण्याची कमाल मर्यादा ४८ इंच धरली आहे. भिंतीवरील डिस्पेन्सरचा दाबण्याचा भाग जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास ठेवला तर मुले, वृद्ध आणि खुर्चीतील पाहुणे या सर्वांची सोय होते.

(इ) भिंतीतून जाणारे नळ ध्यानात घ्यावेत. बेसिनच्या तोटीपासून व गिझरपासून नळ बहुधा सरळ उभे वर किंवा खाली जातात. त्या उभ्या रेषेपासून निदान चार इंच दूर राहावे. नवीन बांधकाम असेल तर भिंतीवर टाइल बसण्यापूर्वी नळांची छायाचित्रे काढून ठेवावीत. पुढे अनेक वर्षे ती उपयोगी पडतात. विजेच्या बटणांखाली किंवा अगदी शेजारी छिद्र पाडू नये.

(ई) झाकण उघडण्यास जागा ठेवावी. भिंतीवरील पुष्कळ डिस्पेन्सरांचे झाकण पुढे खाली किंवा वर उघडते. वर आरसा अथवा फळी आली तर झाकण उघडत नाही आणि मग साबण भरण्यासाठी दर वेळी सारा डिस्पेन्सर उतरवावा लागतो. ही चूक आमच्याकडून दोन खोल्यांत झाली होती.

४. बसविण्याच्या चार पद्धती

पहिली पद्धत : कट्ट्यातून आरपार

या पद्धतीत कट्ट्यावर केवळ पंप व त्याची चोच दिसते. पंपाची आट्याची नळी कट्ट्याच्या छिद्रातून खाली उतरते, तिला खालून रबरी चकती व नट लावून आवळतात आणि बाटली कट्ट्याखाली त्या नळीला फिरवून बसवितात. पाहुण्यांच्या दृष्टीने ही सर्वांत नीटनेटकी आणि सर्वांत पक्की रचना होय.

खरेदीपूर्वी दोन मापे घ्यावीत. एक, कट्ट्याची जाडी. आपल्याकडील ग्रॅनाइटचे कट्टे बहुधा १८ ते २० मिलिमीटर जाडीचे असतात, परंतु खाली प्लायवूड किंवा कडाप्पा असेल तर एकूण जाडी वाढते. नळीच्या आट्यांची लांबी या जाडीहून इतकी अधिक हवी की, चकती व नट बसूनही बाटलीसाठी आटे उरतील. दुसरे माप कट्ट्याखालील मोकळ्या जागेचे. सांडपाण्याची वाकडी नळी आणि अँगल कॉक यांना न लागता बाटली सरळ उतरली पाहिजे व फिरविताही आली पाहिजे.

छिद्राचा व्यास उत्पादकाने दिलेल्या कागदावर असतो. तो पाहिल्यावाचून छिद्र पाडू नये. दगडात छिद्र पाडण्यासाठी हिऱ्याची कणी असलेले पोकळ गोल बिट लागते. यंत्राचा ठोक्याचा खटका बंद ठेवावा, गती मंद ठेवावी आणि छिद्राभोवती पुट्टीचे आळे करून त्यात पाणी ठेवावे. पाण्यामुळे बिट तापत नाही व धूळ उडत नाही. खालून लाकडाचा तुकडा दाबून धरला म्हणजे बिट बाहेर पडताना खालच्या पृष्ठाचा टवका उडत नाही. कट्ट्याच्या कडेपासून निदान दोन इंच आत राहावे, नाहीतर दगड तडकण्याचा संभव असतो. पाणी आणि वीज यांची येथे गाठ पडत असल्यामुळे यंत्राची जोडणी ईएलसीबी किंवा आरसीसीबी असलेल्या फळीवरूनच घ्यावी, कारागिराने चष्मा लावावा आणि हे काम सरावलेल्या माणसाकडूनच करवून घ्यावे.

एक सोपी वाट अनेकांच्या लक्षात येत नाही. पुष्कळ चिनीमातीच्या बेसिनांना तोटीशेजारी एक जादा छिद्र असते व ते प्लास्टिकच्या टोपीने बुजविलेले असते. पंपाची वरची चकती त्या छिद्राहून मोठी असेल तर तेच छिद्र वापरावे, नवे पाडण्याचे कारण नाही. मात्र चिनीमाती अति आवळल्यास फुटते. नट हाताने घट्ट करून पान्याने केवळ पाव फेरा द्यावा.

या पद्धतीचा दोष एकच. बाटली डोळ्यांआड असल्यामुळे साबण किती उरला आहे हे दिसत नाही. त्यासाठी नोंदवही हवी. तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

दुसरी पद्धत : भिंतीवर स्क्रूने

खोल्यांची संख्या अधिक असेल तेथे ही पद्धत सर्वांत सोयीची. डिस्पेन्सरची मागील पट्टी स्क्रूने भिंतीवर बसवितात, तिच्यावर पात्र अडकते आणि झाकणास बहुधा किल्ली असते.

टाइलवर छिद्र पाडताना खुणेवर कागदी चिकटपट्टी लावावी म्हणजे बिट घसरत नाही. टाइल पार होईपर्यंत ठोक्याचा खटका बंद ठेवावा, त्यानंतरच भिंतीत आवश्यक तर चालू करावा. टाइलच्या अगदी कडेला किंवा कोपऱ्यात छिद्र घेऊ नये. छिद्रात प्लास्टिकचा प्लग, ज्याला कारागीर गिट्टी म्हणतात, तो पूर्ण आत बसवून मग स्क्रू आवळावा.

गोव्यातील जुन्या अग्रशाळांच्या भिंती चिऱ्याच्या आहेत. चिरा सच्छिद्र असतो, त्यात मऊ जागा असतात आणि आखूड प्लग त्यात फिरत राहतो. अशा भिंतीत नेहमीपेक्षा लांब प्लग व लांब स्क्रू वापरावेत. छिद्र मोठे झाले तर ते सिमेंटने भरून, पूर्ण वाळू देऊन पुन्हा पाडावे. काड्या कोंबून प्लग घट्ट करण्याची युक्ती पहिल्या पावसाळ्यापुरतीच टिकते.

समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत साधे लोखंडी स्क्रू लवकर गंजतात आणि टाइलवर तांबूस ओघळ उतरतो. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत; ३०४ प्रतीपेक्षा ३१६ प्रत खाऱ्या हवेत अधिक टिकते. छिद्राच्या तोंडाशी थोडे सिलिकॉन लावले म्हणजे भिंतीत पाणी झिरपत नाही.

तिसरी पद्धत : बाटलीसाठी कडे

बाजारातून आणलेलीच पंपाची बाटली वापरायची असेल तर तिच्यासाठी स्टीलचे कडे किंवा होल्डर मिळतात. काहींत बाटली नुसती उभी राहते, काहींत मानेभोवती पट्टी येऊन ती खास चावीच्या स्क्रूने आवळता येते. पहिल्या प्रकारामुळे बाटली कलंडत नाही, परंतु उचलून नेता येते. दुसऱ्या प्रकारामुळे दोन्ही टळते. महाप्रसादाच्या मंडपाबाहेर हात धुण्याच्या नळांची रांग असते तेथे आम्ही हा दुसरा प्रकार वापरतो. रिकामी बाटली काढून भरलेली लावण्यास फार वेळ लागत नाही आणि पंगत खोळंबत नाही.

चौथी पद्धत : चिकटवून

भिंत किंवा कट्टा भोकायचा नसेल, इमारत भाड्याची असेल किंवा दगड जुना व मौल्यवान असेल, तर चिकटविण्याचा मार्ग उरतो. त्यासाठी दुहेरी फोमची चिकटपट्टी अथवा सिलिकॉन वापरतात.

चिकटपट्टी गुळगुळीत चकाकीच्या टाइलवर, काचेवर आणि पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवर उत्तम बसते. खडबडीत टाइल, रंगविलेली भिंत आणि उघडा चिरा यांवर ती टिकत नाही. स्नानगृहातील प्रत्येक पृष्ठावर साबणाचा न दिसणारा थर असतो. तो पाण्याने जात नाही, म्हणून जागा स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यावी, मग पट्टी लावून जोराने दाबावी आणि निदान २४ तास त्यावर भार देऊ नये. चिकटपट्टीचा स्वभावही जाणून घ्यावा. सरळ खाली ओढ बसली तर ती पुष्कळ भार पेलते. एका कडेने सोलल्यासारखी उचलली तर लवकर सुटते. म्हणून जो डिस्पेन्सर वापरताना स्वतःकडे ओढला जातो, तो चिकटपट्टीवर बसवू नये.

सिलिकॉन घेताना एक भेद पाहावा. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारे सिलिकॉन संगमरवरावर लावू नये, त्यातील आम्लामुळे दगडावर कायमचे डाग पडतात आणि काही धातूही खराब होतात. संगमरवरासाठी ‘न्यूट्रल’ असे लिहिलेले सिलिकॉन घ्यावे. सिलिकॉन हवेतील ओलाव्यानेच घट्ट होत असल्यामुळे पावसाळी हवा त्याला बाधक नाही. पृष्ठ मात्र कोरडे हवे.

अराल्डाइटसारख्या इपॉक्सीने बाटली कट्ट्याला कायमची जखडू नये. ती पुढे धुता येत नाही आणि काढताना दगड खराब होतो. चिकटपट्टीवर बसविलेली वस्तू काढायची झाल्यास केस वाळविण्याच्या यंत्राने पट्टी थोडी गरम करावी व मासे धरण्याच्या गरीची नायलॉनची दोरी मागून करवतीसारखी ओढावी.

५. कोणती पद्धत कोठे

नवीन बांधकाम व दगडी कट्टा असेल तेथे पहिली. अनेक खोल्या व टाइलची पक्की भिंत असेल तेथे दुसरी. पंगतीच्या नळांवर, किंवा वारंवार बाटली बदलावी लागते तेथे तिसरी. भोक पाडणे शक्य नाही तेथे चौथी. दोन निकष मात्र चारही पद्धतींना लागू आहेत : पाहुण्यास एका हाताने साबण काढता आला पाहिजे, आणि सेवकास ते पात्र सहज मोकळे करून धुता आले पाहिजे. दुसरा निकष बहुतेक ठिकाणी विसरला जातो. त्याचे परिणाम पुढील भागात सांगितले आहेत.

६. पक्की बाटली आणि शिळा साबण

बाटली एकदा जागी बसविली की ती काढण्याचा आळस होतो. मग अर्ध्या उरलेल्या साबणातच वरून नवा साबण ओतला जातो. तळाचा साबण महिनोन्‌महिने तसाच राहतो. साबणात जंतू वाढत नाहीत, ही समजूत खरी नाही.

अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, २००२ साली रुग्णालयांसाठी हस्तस्वच्छतेची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. अर्धवट रिकाम्या डिस्पेन्सरमध्ये साबण ओतू नये, त्यामुळे साबण जंतुदूषित होऊ शकतो, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सार्वजनिक स्वच्छतागृहांतील, वरून साबण ओतून भरल्या जाणाऱ्या डिस्पेन्सरांचे नमुने तपासले गेले. त्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यातील साबण प्रमाणाबाहेर दूषित आढळला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात, एका प्राथमिक शाळेत अशा दूषित साबणाने हात धुतल्यानंतर विद्यार्थी व कर्मचाऱ्यांच्या हातांवरील एका वर्गाच्या जंतूंची संख्या २६ पटींनी वाढलेली दिसली. हात धुऊन ते अधिक अस्वच्छ व्हावेत, यासारखा विपर्यास नाही. प्रसादाला बसण्यापूर्वी हात धुणाऱ्या भाविकांच्या बाबतीत तो घडू देणे आम्हांस योग्य वाटत नाही.

काटकसर म्हणून साबणात पाणी मिसळण्याची सवयही सोडावी. साबण टिकण्यासाठी त्यात घातलेली द्रव्ये पाण्याने विरळ होतात आणि जंतूंची वाढ सुलभ होते. विहिरीचे पाणी असेल तर भीती अधिक. साबण कमी खर्चावा असे वाटत असल्यास फेसाचा पंप घ्यावा आणि त्यासाठीच तयार केलेला पातळ साबण वापरावा. साधा दाट साबण फेसाच्या पंपात घातला तर पंप तुंबतो.

आमच्याकडील रीत अशी आहे.

(अ) प्रत्येक जागेसाठी दोन पात्रे. एक वापरात, दुसरे धुऊन वाळत.

(आ) पात्र पूर्ण संपल्यावरच काढावे. गरम पाण्याने आतून धुवावे, पंपातून गरम पाणी अनेक वेळा दाबून काढावे, नंतर पात्र व पंप उपडे ठेवून पूर्ण कोरडे होऊ द्यावेत. ओल्या पात्रात साबण भरू नये. पावसाळ्यात वाळण्यास दोन दिवसही लागतात, म्हणूनच दुसरे पात्र हवे.

(इ) भरल्याची तारीख पात्राच्या मागे चिठ्ठीवर लिहावी.

(ई) जेथे परवडेल तेथे बंद पिशवीतील साबणाचा डिस्पेन्सर घ्यावा. यात पिशवी व तिचे तोंड दोन्ही बदलले जात असल्यामुळे दूषित होण्याचा संभव पुष्कळ कमी होतो.

साधारण पंपाच्या एका दाबात एक ते दोन मिलिलिटर साबण येतो. म्हणजे अर्धा लिटरच्या पात्रात अडीचशे ते पाचशे दाब मिळतात. आपल्या खोलीत दररोज किती माणसे राहतात यावरून पात्र किती दिवसांत संपेल याचा अंदाज बांधता येतो. जे पात्र महिनाभरातही संपत नाही, ते त्या खोलीसाठी मोठे आहे असे समजावे व लहान घ्यावे.

७. नोंदवही, किल्ली आणि फलक

कार्यालयात एक साधी नोंदवही ठेवावी. खोली क्रमांक, पात्र बदलल्याची तारीख, स्क्रू वा नट तपासल्याची तारीख आणि शेरा, एवढे चार रकाने पुरतात. नट व स्क्रू वापराने सैल होतात, म्हणून तीन महिन्यांनी एकदा आणि जत्रोत्सवापूर्वी अवश्य तपासावेत. हलणारा डिस्पेन्सर सुट्या बाटलीपेक्षा धोकादायक, कारण पाहुणा त्याच्यावर विसंबून हात टेकतो. याच कारणाने डिस्पेन्सर आधाराच्या दांड्याशेजारी लावू नये. वृद्ध माणूस चुकून त्यालाच धरतो.

किल्ली एकाच व्यक्तीच्या कमरेला नसावी. एक कार्यालयात व एक सफाई करणाऱ्या सेवकाजवळ असावी. ज्याने पात्र धुवायचे त्याच्याजवळ किल्ली नसेल तर पात्र धुतले जाणार नाही. आमच्याकडे दुसरी किल्ली वर उल्लेखिलेल्या बाईंकडेच आहे. नोंदवहीतील रकानेही त्याच भरतात आणि एखादा नट सैल झाला तर आम्हांस प्रथम त्यांच्याकडूनच कळते.

स्नानगृहातील फलकावर धमकीची भाषा नसावी. ‘वस्तू नेल्यास दंड होईल’ असे वाचून सज्जन पाहुण्यासही अवघडल्यासारखे होते. आमच्याकडील फलकाचा मजकूर असा आहे :

‘येथील साबण आपल्या सोयीसाठी आहे. एक दाब पुरेसा होतो. साबण संपला असल्यास अथवा पंप सैल झाला असल्यास कृपया कार्यालयात कळवावे. जमिनीवर साबण सांडल्यास लगेच पाणी ओतावे, म्हणजे पुढील व्यक्ती घसरणार नाही.’

हा फलक मराठी, कोंकणी, कन्नड, हिंदी व इंग्रजी या पाच भाषांत आहे, कारण आमच्या कुळाव्यांत कारवार, बेळगाव व त्यापलीकडील मंडळीही आहेत. अक्षरे मोठी ठेवली आहेत. स्नानाच्या वेळी चष्मा कोणाच्याच डोळ्यांवर नसतो.

८. समारोप

सर्व खोल्यांत डिस्पेन्सर बसवून झाल्यानंतर आमच्याकडे बाटली नाहीशी होण्याची तक्रार आलेली नाही व साबणावरून कोणी घसरलेही नाही. खर्च प्रथम वाटला त्याहून कमी आला. ज्या देवस्थानांना लगेच सर्व खोल्यांत हे काम करणे शक्य नाही, त्यांनी निदान वृद्धांना दिल्या जाणाऱ्या तळमजल्याच्या खोल्यांपासून आरंभ करावा. काम सुरू करण्यापूर्वी एका खोलीत प्रयोग करून, महिनाभर पाहून, मगच बाकीची खरेदी करावी, असेही आम्ही सुचवितो.

अन्य देवस्थानांचा अनुभव याहून निराळा असल्यास तो कार्यालयास अवश्य कळवावा. या लेखात त्याची भर घालण्यास आम्हांस आनंद वाटेल. येथे दिलेली मापे आपल्या कट्ट्यावर व भिंतीवर पडताळून मगच काम करावे, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

सचिव,
देवस्थान समितीकरिता